तीन फुटांवरचं सैन्य

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर दोन सैन्यं समोरासमोर मांडली, की पाहणाऱ्याची नजर आधी रंगांवर जाते. कोणत्या तुकडीचा मारा किती, कोणत्या सेनापतीकडे कोणती जादू, हे सगळं नंतर. डावीकडे शेवाळी कातडीचे ऑर्क, हातात गंजकी पाती, ढालींवर ओबडधोबड लाल खुणा. उजवीकडे हस्तिदंती झग्यांतले एल्फ, निळ्या ढाली, भाल्यांची टोकं एका रेषेत. अजून फासा पडलेला नसतो, अंतर मोजायची टेप उघडलेली नसते, तरी यातले शिस्तीचे कोण आणि लूटमार करणारे कोण, हे कळून चुकलेलं असतं. हे ज्या कामामुळे कळतं, त्या कामाविषयी हे पुस्तक आहे: कल्पित जगातली सैन्यं रंगवणं.

ज्यांना हा छंद अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळातला सैनिक साधारण 28 मिलिमीटर उंच असतो, प्लास्टिकचा, रेझिनचा किंवा पांढऱ्या धातूचा. प्लास्टिकचा असेल तर तो चौकटीत सुट्या अवयवांनी येतो. कापायचा, साच्याची शिवण घासून काढायची, चिकटवायचा, प्राइमरचा हात द्यायचा आणि मग रंगवायचा. असे वीस सैनिक मिळून एक तुकडी होते, आणि अशा काही तुकड्या, एखादी तोफ, एखादा राक्षस आणि एक सेनापती मिळून सैन्य. खेळ दोन-तीन तासांत संपतो. सैन्य रंगवायला महिने लागतात, अनेकांना वर्षं लागतात. म्हणून रंगकामाला खेळाची पूर्वतयारी म्हणणं मला पटत नाही. ज्या कामात माणसाचे इतके तास जातात, तेच या छंदाचं मुख्य अंग आहे.

आणि या पुस्तकाचं म्हणणं एकच आहे: एक मूर्ती रंगवणं आणि सैन्य रंगवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिलं काम येतं म्हणून दुसरं येईलच असं नाही. उलट पहिल्याची सवय दुसऱ्याच्या आड येते.

हा फरक कसा पडला ते समजायला थोडा इतिहास हवा. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ पितापुत्रांपैकी मुलाने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ आणला, त्यात नकाशावर लाल आणि निळ्या रंगाचे ठोकळे सरकवले जात. रंगाचं काम तिथे एवढंच, की आपला ठोकळा कुठला आणि शत्रूचा कुठला हे कळावं. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. त्याचे सैनिक होते ब्रिटन्स कंपनीचे, पोकळ शिशाचे. ही पोकळ ओतकामाची पद्धत त्या कंपनीने 1893 मध्ये सुरू केली आणि शिशाचा सैनिक स्वस्त झाला. वेल्स स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे सैनिक आडवे करत असे. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी तो कळकळीने सांगतो, की या छोट्या लढाईपुढे खरी लढाई किती मूर्खपणाची आणि महागडी आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्याच्या पुस्तकाचा हा भाग वाचताना आजही मन जड होतं, आणि हा खेळ युद्धाची हौस वाढवतो असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

पण वेल्सचे सैनिक कारखान्यातूनच रंगून येत. रंगवणं हे खेळणाऱ्याचं काम नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत हौशी लोक बिनरंगाचे ओतीव सैनिक आणि एअरफिक्सचे स्वस्त प्लास्टिकचे सैनिक घेऊ लागले, तेव्हा ब्रश खेळणाऱ्याच्या हातात आला. ही मंडळी नेपोलियनच्या काळातल्या लढाया मांडत. त्यांच्यासमोर गणवेशांची चित्रं असत. अमुक रेजिमेंटच्या बाह्यांची पट्टी पिवळी की पांढरी, यावर ती तासन् तास वाद घालत. तिथे अचूकता हाच कस होता.

कल्पित सैन्यांना हा आधार नाही. 1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमांना कल्पित प्राण्यांची आणि जादूची पुरवणी जोडली गेली. त्यातूनच 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ उभा राहिला. त्या खेळात प्रत्येक खेळाडूचं एक पात्र, म्हणून एक मूर्ती पुरते. ती मनासारखी रंगवावी, तळहातावर घेऊन न्याहाळावी. इंग्लंडमध्ये 1975 साली स्टीव्ह जॅक्सन, इयन लिव्हिंगस्टन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप सुरू केलं. त्याच दशकाच्या अखेरीस नॉटिंगहॅमशायरमधल्या नेवार्क गावी ब्रायन अ‍ॅन्सेलसोबत गेम्स वर्कशॉपनेच सिटाडेल मिनिएचर्स ही मूर्ती ओतणारी कंपनी काढली. मूर्ती ओतणाऱ्याच्या दृष्टीने पाहा: प्रत्येक गिऱ्हाईक एकच मूर्ती नेत असेल तर धंदा किती वाढणार? 1983 मध्ये अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर’ आला. त्यात प्रत्येक खेळाडूला एक पात्र नव्हे, अख्खं सैन्य लागत होतं. पुढे 1987 मध्ये दूरच्या भविष्यात घडणारा ‘वॉरहॅमर 40,000’ आला. आज नॉटिंगहॅममध्ये असलेली गेम्स वर्कशॉप डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली.

मूर्तिकार आणि रंगकाम करणारे यांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एकीच्या जागी शंभर मूर्ती आल्या, आणि एका मूर्तीसाठी घडलेली कला शंभरांना पुरवायची वेळ आली. आज या छंदात ज्या युक्त्या शिकवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा याच अडचणीतून घडल्या आहेत.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. खरा माणूस साधारण पावणेदोन मीटर उंच. 28 मिलिमीटरची मूर्ती म्हणजे त्याचा साठावा भाग. टेबलाशी उभा राहून तुम्ही ती तीन फुटांवरून पाहता, तेव्हा ती दिसते 180 फुटांवर उभ्या असलेल्या माणसाएवढी. 180 फुटांवरच्या माणसाचं काय दिसतं? उंची, उभं राहण्याची ढब, डोक्यावर काय आहे, अंगावरचा मोठा रंग. डोळे दिसत नाहीत. पट्ट्याचं बक्कल दिसत नाही. नवशिका नेमका या दोन गोष्टींवर एकेक संध्याकाळ घालवतो आणि तिसऱ्या सैनिकानंतर थकून डबा बंद करतो. हे मी अनेक जणांच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या माणसात कौशल्य कमी नसतं. तो चुकीच्या अंतरावरून रंगवत असतो.

मग एक सपाट रंग मारून मोकळं व्हावं का? नाही, कारण इथे प्रकाशाची अडचण आहे. मूर्ती साठ पटीने लहान होते, प्रकाश होत नाही. खऱ्या माणसाच्या झग्याची चुणी पाच सेंटिमीटर खोल असेल तर तिच्यात गडद सावली साठते. साठ पटीने लहान केल्यावर ती चुणी एक मिलिमीटरसुद्धा खोल उरत नाही. खोलीतल्या दिव्याचा उजेड तिच्यात सहज शिरतो आणि सावली नाहीशी होते. म्हणून सपाट रंगवलेली मूर्ती तीन फुटांवरून प्लास्टिकच्या गोळीसारखी दिसते. जी सावली पडायला हवी होती ती रंगवणाऱ्याने स्वतः घालायची असते, आणि जो उजाळा चमकायला हवा होता तोही स्वतःच. शिवाय दोन्ही थोडे जास्तच, कारण अंतरामुळे ते फिके पडणार आहेत. मूर्ती हातात घेतल्यावर भडक वाटली आणि टेबलावर ठेवल्यावर बरोबर वाटली, तर समजावं काम जमलं.

हे शंभर वेळा करायचं म्हणजे सोपी वाट हवी, आणि ती वॉशने दिली. वॉश म्हणजे पातळ गडद रंग. तो मूर्तीवर ओतल्यासारखा लावला की उंचवट्यांवरून ओघळून खाचाखोचांत साठतो आणि सावली आपोआप तयार होते. त्याच्या उलट ड्रायब्रश: ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून, कोरड्या केसांनी मूर्तीवरून हलके हात फिरवायचे. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. केसाळ कातडी, साखळीचं चिलखत, दगड, हाडं यांसाठी याहून चांगली युक्ती नाही. 2019 मध्ये सिटाडेलने काँट्रास्ट नावाचे रंग आणले. ते एकाच हातात उंचवट्यावर उजळ आणि खोबणीत गडद बसतात. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मला ते नाक मुरडणं अन्यायाचं वाटतं. ज्याला साठ सांगाडे रंगवायचे आहेत, त्याला ही सोय मिळाल्याने कलेचं काही बिघडत नाही. उरलेला वेळ तो सेनापतीच्या चेहऱ्याला देऊ शकतो.

रंगांची निवड हा या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो तसा ठेवण्याचं कारण आहे. नेपोलियनचा सैनिक रंगवणाऱ्याला रंग दिलेले असतात. ऑर्क रंगवणाऱ्याला ते ठरवावे लागतात. टॉल्किनच्या लेखनातले ऑर्क हिरवे नाहीत. ते हिरवे ही समजूत जगभर पसरली त्यात वॉरहॅमरचा मोठा वाटा आहे, आणि रंगकामाच्या दृष्टीने ती निवड शहाणपणाची होती. हिरव्याच्या समोर लाल ठेवला की दोन्ही पेटून उठतात. म्हणून 1990 च्या सुमाराच्या सैन्यांत हिरव्या कातडीवर लाल भाले, लाल झेंडे, लाल ढाली दिसतात. त्या काळात मूर्तींच्या बैठकांच्या कडासुद्धा सरसकट हिरव्या असत. आज ते भडक वाटतं, पण त्यामागचा विचार पक्का होता: वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या हातांनी रंगवलेल्या तुकड्या त्या एका हिरव्या कडेमुळे एका सैन्यातल्या वाटत.

दुसरं टोक म्हणजे जॉन ब्लँश. वॉरहॅमरच्या जगाला ज्या चित्रकाराने सर्वांत खोल छाप दिली तो हाच. तपकिरी, गेरू, मळकट लाल, जुन्या कागदाचा पिवळा, एवढ्यातच तो बहुतेक सगळं बसवतो. त्याच्या मूर्ती एखाद्या तळघरातून काढल्यासारख्या दिसतात. दोन्ही शैली एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण सैन्यासाठी दोघींचा धडा एकच निघतो: रंग थोडे असावेत. एक मुख्य, एक त्याला साथ देणारा, आणि एक ठिणगीसारखा, फार कमी ठिकाणी. चौथा रंग घेण्याआधी दोनदा विचार करावा. एका मूर्तीत सात रंग खुलून दिसतात. शंभर मूर्तींत तेच सात रंग आले की दुरून नुसता गोंधळ दिसतो.

आणि ही निवड कागदावर आधी व्हावी लागते. आपले ड्वार्फ डोंगरातून आलेत की समुद्रकाठाहून? त्यांचं लोखंड नवं की आजोबांपासून चालत आलेलं? त्यांच्या बैठकीवर बर्फ आहे की लाल माती? नियमांना या प्रश्नांची गरज नाही. ब्रशला आहे. ही उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याचं सैन्य साधं रंगवलेलं असलं तरी लक्षात राहतं.

प्रत्यक्ष काम कसं करावं हे मला पेणच्या गणपतींच्या कारखान्यात सर्वांत स्पष्ट दिसलं. तिथे एक मूर्ती पूर्ण करून दुसरी घेत नाहीत. आधी सगळ्यांच्या अंगाचा रंग, मग सगळ्यांचं सोवळं, मग शेले, मग दागिने, आणि सर्वांत शेवटी सराईत हाताकडे डोळ्यांची आखणी. सैन्याचंही तसंच. वीसच्या वीस सैनिकांची कातडी, मग वीसच्या वीस जणांचे चामड्याचे पट्टे, मग धातू. हात एकाच हालचालीला सरावतो, दहाव्या सैनिकापर्यंत वेग दुप्पट होतो, आणि मुख्य म्हणजे तुकडी एकसारखी दिसते. फरक फक्त डोळ्यांचा. चेहरा दिसणारे जे मोजके सैनिक असतात, त्यांचे डोळे आम्ही कातडीच्या सुरुवातीलाच रंगवतो, म्हणजे रेघ बाहेर गेली तर भोवतीच्या कातडीने झाकता येते. बाकीच्यांच्या डोळ्यांच्या खाचेत गडद वॉश पुरतो. 180 फुटांची गोष्ट आठवा.

चौकोनी बैठकांवर रांगेत उभ्या राहणाऱ्या सैन्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. समोरची रांग पूर्ण दिसते. मागच्या रांगांची फक्त शिरस्त्राणं, खांदे आणि भाल्यांची टोकं दिसतात. म्हणून वेळ सारखा वाटू नये. झेंडेवाला, नगारेवाला आणि तुकडीचा नायक यांना बाकीच्यांच्या तिप्पट वेळ द्यावा. नजर तिथे थांबते, आणि तिथे काम चांगलं असलं की सगळी तुकडी चांगली वाटते. झेंडा तर मोकळ्या हाताने रंगवावा, वाकडा आला तरी. सैन्यातली सर्वांत मोठी सपाट जागा तीच असते, आणि रंगवणाऱ्याची सही तिथेच दिसते.

साहित्याबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे फक्त आपल्या हवेबद्दल सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात स्प्रेचा प्राइमर मारू नये. हवेतल्या दमटपणामुळे त्यावर दुधी धूसर थर येतो, आणि वार्निशच्या बाबतीत तर महिन्यांचं काम त्याखाली जातं. त्या दिवसांत ब्रशनेच प्राइमर द्यावा. विदर्भात मे महिन्यात उलट अडचण: स्प्रेचे थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो, पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत घट्ट होतो. त्यासाठी एका डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग घ्यावा. ब्रश मात्र चांगला घ्यावा. विन्सर अँड न्यूटनची सिरीज सेव्हन हा या छंदातला जुना मानदंड आहे. 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मागणीवरून तो ब्रश बनवायला सुरुवात झाली असं कंपनी सांगते. महाग आहे, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. टोक धरणारा कोणताही ब्रश चालतो. ते टोक टिकवण्यासाठी रंग ब्रशच्या मुळापर्यंत चढू द्यायचा नाही, एवढं पाळावं.

या क्षेत्रात एक मोठी स्पर्धा आहे, गोल्डन डेमन. 1987 पासूनची. सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्याला खरीखुरी मोठी तलवार देतात. तिथल्या मूर्तींवर धातूचा रंग न वापरता केवळ राखाडी आणि पांढऱ्याच्या छटांनी चकाकतं पोलाद रंगवलेलं असतं, कंदिलाचा उजेड चेहऱ्यावर पडल्यासारखा रंगवलेला असतो. एकेका मूर्तीवर शेकडो तास गेलेले असतात. मला त्या कामाबद्दल अतोनात आदर आहे. पण नवशिक्याने ती मूर्ती समोर ठेवून आपलं सैन्य रंगवायला घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणतो. तसं करणाऱ्यांच्या कपाटात अर्धवट राखाडी प्लास्टिकचे ढीग साठतात. साध्या कामाचं पुरं झालेलं सैन्य हे अप्रतिम कामाच्या एका मूर्तीपेक्षा कमी दर्जाचं आहे, असं मी मानत नाही. ते अधिक अवघड आहे. त्यात साठाव्या सैनिकालाही पहिल्याइतकंच मन द्यावं लागतं.

अशा मनाचा एक दाखला द्यायलाच हवा. मायकल आणि अ‍ॅलन पेरी हे जुळे भाऊ या क्षेत्रातले नामवंत मूर्तिकार. 1996 मध्ये फ्रान्समधल्या क्रेसी इथे ऐतिहासिक लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात मायकलचा उजवा हात गेला. उजव्या हाताने काम करणारा तो मूर्तिकार डाव्या हाताने कोरायला शिकला आणि पुन्हा कामाला लागला. आज आपण जे सैनिक रंगवतो, त्यांतले कित्येक त्या डाव्या हाताचे आहेत.

एक वादही नोंदवतो. 2020 मध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर 40,000’च्या नवव्या आवृत्तीत नियम आला, की सैन्य किमान पातळीपर्यंत रंगवलेलं असेल तर शंभरपैकी दहा गुण मिळतील. खूप जण चिडले. खेळात रंगाची सक्ती कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. टेबलावर दोन माणसं असतात. तुमचं सैन्य तुमच्यापेक्षा समोरचा जास्त पाहतो, कारण त्याच्याकडे त्याचं तोंड असतं. राखाडी प्लास्टिक समोर ठेवण्याऐवजी रंगवलेलं सैन्य आणणं हा त्या माणसाचा मान आहे.

परदेशी पेट्या महाग आहेत, हे मला माहीत आहे. पहिल्या तुकडीसाठी त्यांची गरज नाही. दिवाळीच्या आधी बाजारात मातीचे आणि प्लास्टरचे मावळे येतात. एकाच साच्यातले दहा घ्या. कारखान्याच्या रंगावर पांढऱ्या किंवा राखाडी प्राइमरचा हात द्या. तीन रंग ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. कॅमलचे अ‍ॅक्रिलिक पाण्याने पातळ करून दोन-दोन हात द्या, एका थरात घट्ट रंग मारू नका. तपकिरी वॉश स्वतः बनवा, बैठकीवर फेव्हिकॉल लावून वाळू चिकटवा. मग ते दहाही टेबलावर मांडून तीन फूट मागे उभे राहा. जे तिथून दिसत नाही त्यावर आणखी वेळ घालवू नका, आणि दहावा पूर्ण झाल्याशिवाय नवीन काही विकत घेऊ नका.